रोहिदासाचे धनुष्य

नाटकातल्या भीमाची गदा पोकळ असते हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. गदा उचलताना भीमाचा दंड फुगलेला दिसावा, एवढेच त्याचे म्हणणे! रंगभूमीवरची नि पडद्यावरची सारी आयुधे या एकाच अटीवर जगतात. घरी बसून त्यांची नक्कल करणाऱ्याला ती विसरून चालत नाही. मी नक्कल करायला घेतली ती दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’तल्या धनुष्याची.

हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. आरंभीच हरिश्चंद्र लहानग्या रोहिदासाला धनुर्विद्या शिकवताना दिसतो. रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र, आणि तारामती कोण, तर अण्णा साळुंके! स्त्री-भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा दुसरे काय करणार? ३,७०० फुटांच्या त्या चित्रपटाचा आज थोडाच भाग उरला आहे. तोही १९१७ सालच्या नव्या आवृत्तीतला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. हा वाद विद्वानांना लखलाभ असो. बांबू दोन्ही सालांना सारखाच वाकत होता.

वर्गात हे दृश्य दाखवले की मुले हसतात. राजाचे हातवारे त्यांना फार मोठे वाटतात. शब्द नसताना हातांनाच बोलावे लागते हे मी सांगून पाहिले. पण सांगितलेले आणि हाताळलेले यांत फरक असतोच. म्हणून हा उद्योग.

पहिली अडचण मापाची. पडद्यावरच्या वस्तूला फूटपट्टी लागत नाही. मी चित्र थांबवून राजाचे कोपर ते मनगट हे अंतर एकक धरले, धनुष्य त्याच्या किती पट भरते ते पाहिले, आणि तेच प्रमाण माझ्या हाताला लावले. मग ओल्या बांबूची कांब तासली. बांबूची चिवट सालीची बाजू बाहेर ठेवावी, कारण धनुष्य ओढताना ताण तिथेच पडतो. मंद आचेवर शेकत, थोडे थोडे वाकवत, शेवटी सुतळीने बांधून ते आठ दिवस माळ्यावर ठेवले. “अहो, दिवाळीची झाडलोट मी त्याच्या भोवतीने करायची का?” असे सौ.ने विचारले. ज्या घरात चित्रपट जन्मला, तिथे सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडीत होत्या आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत होत्या, हे तिला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

खरी मौज रंगाची. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे; तो पडद्यावर काळा उमटे, आणि निळा फिकट, पांढुरका. म्हणजे पडद्यावरचा काळा पट्टा मुळात काळाच होता की कुंकवासारखा लाल, हे कोण सांगणार? मी आकाशकंदिलासाठी आणलेला निळा जिलेटिनचा कागद डोळ्यांपुढे धरला. तांबडे काळवंडले, हळदीचा पिवळा रंगही मंदावला, निळा तेवढा उजळ राहिला. अगदी त्या फिल्मची दृष्टी नव्हे, पण तिची चुलतबहीण म्हणा! त्या कागदातून पाहत मी दांडा तांबडा आणि त्यावरचे पट्टे फिके निळे रंगवले. सोनेरी बेगड लावण्याचा मोह आवरला. बेगडाचे खरे नाही, उजेड जिथून येईल तसे ते कधी पांढरे, कधी काळे.

दोरी मात्र मुद्दाम बेताचीच ताणली. बाण टोकाला बोथट, वर चिंध्यांची गुंडी. धनुष्य फार कडक केले तर ते शस्त्र होते, फार सैल ठेवले तर वाळवणाची दोरी.

वर्गात नेले तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण राजाची मूठ घेऊन उभा राहिला. अर्ध्या मिनिटात त्याचा दंड थरथरू लागला. “सर, दोरी सोडू का?” त्याने विचारले. “कॅमेरा अजून फिरतोय,” मी म्हणालो.

आता ते आमच्या बैठकीच्या खोलीत टांगले आहे. एवढे भडक तांबडे-निळे धनुष्य कोणत्या राजाचे, असे येणारे-जाणारे विचारतात. मी त्यांच्या हातात निळा कागद देतो.