‘एकदाचा काय तो निकाल लागू दे!’

प्रतिनिधी

पिंपरी : कारखाना बंद पडण्याचे दुःख मोठे, की तो बंद पडणार की नाही हेच न कळण्याचे? पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला हा प्रश्न नवा नाही. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये, घरी जेवताना तो एकाच वाक्यात उमटतो : ‘एकदाचा काय तो निकाल लागू दे!’ वाईट का होईना, पण निश्चित उत्तर हवे, या मागणीमागे केवळ अधीरता नसते. ती मनाची एक मूलभूत गरज आहे, असे मानसशास्त्र सांगते.

तळेगावचे अधांतर

तळेगाव एमआयडीसीतील जनरल मोटर्सचा कारखाना हे या अवस्थेचे अलीकडचे ठळक उदाहरण होय. २००८ मध्ये हा कारखाना सुरू झाला. कंपनीने २०१७ अखेर देशातील विक्री थांबवली. निर्यातीसाठी उत्पादन मात्र चालू राहिले. जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचे जाहीर झाले. पुढे एप्रिलमध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगीची अट घातली, जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला आणि व्यवहार रखडला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये हजारावर कामगारांना ‘ले-ऑफ’ देण्यात आला.

ले-ऑफ म्हणजे नोकरी कागदावर शाबूत, पण हाताला काम नाही. भरपाई मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी. कारखाना बंद करण्याच्या परवानगीचा वाद शासन आणि न्यायालयापर्यंत गेला. ग्रेट वॉलशी झालेल्या कराराला मुदतवाढ मिळत राहिली आणि २०२२ च्या मध्यास तो संपुष्टात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि २०२५ मध्ये तेथे पुन्हा उत्पादन सुरू झाले. नव्या मालकाने आम्हाला सामावून घ्यावे, ही जुन्या कामगारांची मागणी होती. त्यासाठी आंदोलनेही झाली. कोणाची बाजू योग्य, हा येथील विषय नाही. या काळात शेकडो घरांत मुलांच्या शाळेपासून घरकर्जाच्या हप्त्यापर्यंतचे निर्णय ‘बघू, काय होते ते’ या एका वाक्याशी अडले, ते लक्षात घेण्याजोगे आहे.

विजेच्या झटक्याहून वाईट

न कळण्याचा ताण मोजता येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४५ जणांना संगणकावरील दगडांखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे होते. साप निघाला की हाताला विजेचा झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला गेला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता.

अमेरिकेतील कामगारांच्या पाहणीवर आधारित सारा बर्गार्ड व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. नोकरी जाईल या भीतीत दीर्घकाळ राहिलेल्यांनी सांगितलेले स्वतःचे आरोग्य, नोकरी प्रत्यक्ष गमावलेल्यांपेक्षाही खालावलेले होते. नोकरी गेली की माणूस दुसरी शोधतो, गावी जातो, रिक्षा घेतो. टांगती तलवार मात्र त्याला यातले काहीच करू देत नाही.

पहिले उत्तर, तेच खरे

या गरजेची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. मानसशास्त्रज्ञ एरी क्रुग्लान्स्की आणि डोना वेबस्टर यांनी १९९४ मध्ये ही गरज मोजण्याची प्रश्नावली मांडली. त्यांच्या मते, निश्चिततेची भूक वाढली की मन हाती येईल ते पहिले उत्तर पकडते आणि मग त्यालाच घट्ट धरून बसते. वेळेचा दबाव, थकवा आणि गोंगाट यांनी ही भूक वाढते. तिसरी पाळी करून, यंत्रांच्या आवाजातून बाहेर पडणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच अशा काळात अफवा पसरतात. ‘अमुक तारखेला सगळ्यांना परत घेणार’ किंवा ‘आज सही केली नाही तर पैसे बुडणार’ ही वाक्ये तपासली न जाताच खरी ठरतात. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर होणारी घाईची सही कधी विचारांती केलेली असते, तर कधी केवळ मनाची सुटका असते.

कायद्याची चौकटही बदलली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० झाली आहे.

पूर्णविराम नसेल तर?

अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत शोकही अडून राहतो, असे त्यांना आढळले. मृत्यूच्या दुःखाशी नोकरीची बरोबरी होत नाही. पण गेट आहे, ओळखपत्र आहे आणि काम नाही, ही स्थिती त्याच जातीची आहे. अशा वेळी पूर्णविरामाची वाट पाहत थांबण्यापेक्षा ‘नोकरी कदाचित परत मिळेल, कदाचित नाही’ या दोन्ही शक्यता एकत्र धरून आयुष्य पुढे नेणे हिताचे, असे बॉस यांच्या विचारांतून सुचते.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. काय ठरले, काय ठरायचे आहे, ते कोण ठरवणार आणि कधी, हे चार प्रश्न कागदावर लिहावेत. उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे. थकलेल्या अवस्थेत, त्याच दिवशी सही करू नये. कागद घरी न्यावा, संघटनेला किंवा वकिलाला दाखवावा. घरच्यांपासून परिस्थिती लपवू नये; कारण न सांगितलेल्या गोष्टीचा ताण त्यांनाही तितकाच असतो.

व्यवस्थापन आणि शासन यांच्यासाठीही यात बोध आहे. निर्णय लगेच देता येत नसेल. पण तो केव्हा देऊ, हे सांगता येते. वाईट बातमी माणूस पचवतो. तारीख नसलेली प्रतीक्षा त्याला आतून पोखरते.