जुनी फोर्कलिफ्ट आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या धाराशिव जिल्ह्यात जड वस्तू उचलायच्या वाटा ठरलेल्या होत्या. पोतं असेल तर हमाल. विहिरीवरची मोटर असेल तर घोडी आणि चेनपुली. ट्रान्सफॉर्मर किंवा एखादं मोठं मशीन ट्रकमधून उतरवायचं असेल तर हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवायचा आणि तो मिळाला नाही तर जेसीबीच्या बकेटला साखळदंड बांधायचा. फोर्कलिफ्ट कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. चाकणला, भोसरीला कामाला गेलेली कळंब-भूमची पोरं दिवाळीला गावी आली की तिच्या गोष्टी सांगायची. पण इथे तिची गरजच नव्हती, कारण इथे पॅलेट, म्हणजे माल रचायचा फळ्यांचा पाट, नव्हतं.

हे पॅलेट प्रकरण लोक विसरतात. अमेरिकेत क्लार्क कंपनीने 1917 च्या सुमारास कारखान्यातल्या आतल्या वाहतुकीसाठी माल वाहणारी छोटी गाडी बनवली, तिथून या यंत्राची वंशावळ सुरू होते. पण ते जगभर पसरलं दुसऱ्या महायुद्धात, लाकडी पॅलेटच्या जोडीने. खाली फोर्क, म्हणजे यंत्राचे पुढचे काटे, घुसायला फटच नसेल तर तीन टनी यंत्र एक पोतंही उचलू शकत नाही. आमच्याकडे सोयाबीन, तूर, हरभरा, साखर, पेंड सगळं पोत्यात आणि पोत्यांची थप्पी थेट जमिनीवर. अशी थप्पी लावणं हे कसबाचं काम आहे, ज्याने कोपरे बांधलेली चांगली थप्पी पाहिली आहे त्याला ते सांगावं लागत नाही. त्या कसबाखाली किती पाठी मोडल्या, हा हिशोब मात्र वेगळा. माथाडी कायदा महाराष्ट्रात 1969 साली झाला. क्विंटलाच्या पोत्याच्या जागी पन्नास किलोचं पोतं रुळायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

आमचं पशुखाद्याचं छोटं युनिट. 2011 च्या सुमाराला कच्चा माल आणि तयार माल एकाच शेडमध्ये ठेवायची वेळ आली आणि पॅलेटशिवाय गत्यंतर उरलं नाही. नव्या फोर्कलिफ्टचं कोटेशन पाहून घरात कुणी दुसऱ्यांदा तो विषय काढला नाही. राहिली जुनी. अशा गाड्या बाजारात दोन वाटांनी येतात. मोठे कारखाने ठरावीक वर्षांनी ताफा बदलतात आणि जुना डीलरला देतात, ही एक. दुसरी लिलावाची. एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी सरकारी खात्यांचं आणि सार्वजनिक उपक्रमांचं भंगार नि जुनी यंत्रं ई-लिलावात काढते. दोन्ही वाटांवर गाडी शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत येते तेव्हा तिच्या अंगावर ताजा पिवळा रंग असतो. रंग जितका ताजा, तितकी शंका जास्त घ्यावी.

आवरमीटरवर, म्हणजे चाललेले तास मोजणाऱ्या मीटरवर, आम्ही विश्वास ठेवला नाही. तो बदलता येतो, बंदही पडलेला असतो. पाहायचं ते ब्रेकच्या पेडलवरचं रबर. ते गुळगुळीत झालं असेल आणि मीटर कोवळा आकडा दाखवत असेल, तर मीटर खोटं बोलतंय. मग फोर्कची टाच, म्हणजे उभा भाग जिथे आडवा होतो ती जागा. वर्षानुवर्षं जमिनीवर घासून ती झिजते. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजायची, मग टाचेची मोजायची. दहा टक्के झीज दिसली तर फोर्क बाद, कारण तेवढ्या झिजेने उचलायची ताकद जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. साखळीचंही तसंच, ठरावीक कड्यांची लांबी मूळच्या मापापेक्षा तीन टक्क्यांनी वाढली की साखळी बदलायची. शेवटी वजन उचलून मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा, अर्ध्यावर थांबवायचा, इंजिन बंद करायचं, खडूने रेघ मारायची आणि चहा प्यायला जायचं. परत आल्यावर फोर्क रेघेच्या किती खाली उतरलाय, त्यावर जॅकचं सील आणि कंट्रोल व्हॉल्व्ह कुठल्या अवस्थेत आहे ते कळतं. विकणाऱ्याला हा चहा आवडत नाही.

गाडी आली, शेडमध्ये उतरली आणि थोड्याच दिवसांत काळा धूर ओकू लागली. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून यायचा म्हणजे त्याचं येणं-जाणंच परवडणारं नव्हतं. म्हणून धाराशिवातल्याच एका ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला आणलं. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि हसला. ‘मालक, हे तर आपल्या मॅसीचंच इंजिन हाय की!’ खरंच होतं ते. जुन्या देशी डिझेल फोर्कलिफ्टमध्ये सिम्प्सन, किर्लोस्कर असली ओळखीची इंजिनं असायची आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत सिम्प्सनच बसत आलं आहे. नोजल तपासले, हाफ इंजिन काम केलं, रिंगा आणि बेअरिंगं बदलली. लागणारं सामान बसस्टँडजवळच्या ट्रॅक्टरच्या दुकानातच मिळालं.

माझं मत तिथेच पक्कं झालं. जुनी गाडी घेताना नाव गोदरेजचं आहे की व्होल्टासचं, हा दुय्यम प्रश्न. इंजिन कुठलं आहे आणि ते आपल्या तालुक्यात कुणाला खोलता येतं, हा पहिला. (व्होल्टासच्या या धंद्यात 2011 सालीच जर्मनीच्या किऑनने मोठा हिस्सा घेतला. त्यामुळे नावं बदलली, पण आमच्या मिस्त्रीच्या कामात त्याने तसूभर फरक पडला नाही.) एखाद्या देखण्या जपानी गाडीचा एक सेन्सर गेला तर ती इथे महिनाभर उभी राहील.

आमच्या जिल्ह्यात उद्योग नाहीत, मागास जिल्हा आहे, असं ऐकत आम्ही मोठे झालो. 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव घातलं तेव्हा त्यावर शिक्काही बसला. पण दुरुस्तीची विद्या इथे कधी कमी नव्हती आणि तिचं मूळ साखर कारखान्यांत आहे. गाळप संपलं की उन्हाळाभर ऑफ-सीझन, रोलर काढा, बेअरिंगं खोला, टर्बाइन तपासा. त्यात तयार झालेले फिटर ढोकीचा तेरणा कारखाना बरीच वर्षं बंद राहिला तेव्हा गावोगाव विखुरले, कुणी लेथ टाकलं, कुणी वेल्डिंगचं दुकान. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने 2021 च्या कोरोना लाटेत इथेनॉलच्या प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन काढला तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. इथल्या फिटर लोकांना फारसं वाटलं नसावं.

इंजिनचं असं सुटलं, पण हायड्रॉलिकचा प्रश्न सुरुवातीला फार छळायचा. होज फुटला की सोलापूर. सील किट हवं की सोलापूर, नाहीतर हैदराबाद. तो सुटला दुष्काळामुळे! 2012-13 चा दुष्काळ, त्यामागोमाग आणखी वाईट पावसाळे, आणि डिसेंबर 2014 मध्ये आलेलं जलयुक्त शिवार अभियान. नाला खोलीकरणाला जेसीबी आणि पोकलेन लागले, कर्ज काढून पोरांनी ते घेतले आणि त्यांच्या मागे होज प्रेस करून देणारे, मापावर सील देणारे, जॅकचा रॉड घासून हार्ड क्रोम करून आणणारे आले. जेसीबीचा जॅक काय आणि मास्टचा जॅक काय, काम एकच. नाले खोल करून पाणी किती मुरलं यावर वाद आहेत, आमच्या फोर्कलिफ्टचं मात्र भलं झालं.

या सगळ्या कौतुकाला एक कुंपण आहे आणि ते मी शेडमध्ये पाळतो. फोर्कला वेल्डिंग नाही. आमच्याकडे तडा दिसला की वेल्डिंगवाल्याला हाक मारायची सवय हाडीमाशी खिळली आहे, पण फोर्कचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं. इलेक्ट्रोड लावला की ती ताकद गेली, वरून जोड कितीही सुबक दिसो. साखळीची कडी बदलून जोडणं हेही तसंच. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 29 मध्ये उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी तपासणी सांगितली होती. पण 2015 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली आणि आमच्यासारखी कितीतरी युनिटं त्या तपासणीच्या बाहेर गेली. तपासणी आम्ही तरीही करून घेतो.

तीन टनी गाडी म्हणजे कुठलेही तीन टन उचलते, हा दुसरा गैरसमज. फोर्कच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर वजनाचा मध्य असेल तर तीन टन. पुढचा आस हा तराजूचा टेकू, मागे प्रतिवजन. ओझं पुढे सरकलं की मागची चाकं हलकी होतात आणि वळवायचं काम तर मागचीच चाकं करतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला गाडी अर्ध्या तासात चालवता येते, पण वळताना शेपूट बाहेर फेकली जाते हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमच्या शेडचा एक खांब त्याची साक्ष देईल.

मध्यंतरी बॅटरीवरची जुनी गाडी स्वस्तात मिळत होती. ती नाकारली. बॅटरीवरची जुनी गाडी स्वस्त असते तेव्हा बहुधा तिची बॅटरी संपत आलेली असते, आणि शिशाची ती जड बॅटरी प्रतिवजनाचाही भाग असल्याने तिच्या जागी हलकं काही बसवता येत नाही.

आता चित्र पालटतंय. सौर पॅनेल येतात ते पॅलेटवरच, एकेक पॅलेट टनाच्या आसपास. शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोदामं उभी राहताहेत. मागच्या हंगामात कळंबकडच्या अशाच एका कंपनीचे तिघं जण आमची गाडी विकत मागायला आले होते. गोदामासमोर काय आहे विचारलं, तर म्हणाले, मुरूम. त्यांना म्हटलं, गाडीचं पुढच्या वर्षी बघू, आधी ट्रक लागतो तिथपर्यंत कोबा करून घ्या. घन टायरची ही गाडी ओल्या मुरमात रुतली, तर तिला काढायला पुन्हा हायड्राच बोलवावा लागेल.