रहाटाची गाडगी

यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. पण त्याच तारेवरून माहिती वाचायला साधा प्रोग्राम लिहिला की हाती जेमतेम चार मेगाबाइट पडतात. मग दोष दिला जातो तो असे साधे प्रोग्राम जिथे चालतात त्या युजर-स्पेसला: ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर लिहिल्याशिवाय वेग मिळायचा नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. माझ्या मते हा आरोप बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर आहे. खरा दोष मागण्याच्या पद्धतीत असतो.

यूएसबीवर उपकरण आपणहून बोलत नाही. संगणकातला होस्ट कंट्रोलर विचारेल तेव्हाच ते उत्तर देतं. यूएसबी २.० मध्ये काळाचे १२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, सेकंदाला ८,०००. ठोक माहितीसाठी एका तुकड्यात ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पॅकेटं मावतात, म्हणून प्रत्यक्षातली कमाल मर्यादा सुमारे ५३ मेगाबाइट. आता जो प्रोग्राम ५१२ बाइट मागतो, ते येईपर्यंत हात बांधून बसतो आणि मग पुढची मागणी करतो, त्याची दर तुकड्यात एक मागणी पुरी झाली असं धरलं, तरी हिशेब ८,००० गुणिले ५१२, म्हणजे सुमारे ४१ लाख बाइटच्या पुढे जात नाही. चार मेगाबाइटचं कोडं इथेच सुटतं. मागणी मोठी केली की बरंच सुधारतं, पण दोन मागण्यांमधली रिकामी फट उरतेच, आणि तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागला तर ती रुंदावते.

विहिरीवर एकच बादली असेल तर ती वर येऊन रिती होईपर्यंत पाणी थांबतं. रहाटाला मात्र गाडग्यांची माळ असते. लिबयूएसबी या लायब्ररीतल्या असिंक्रोनस मागण्या म्हणजे हीच माळ: अनेक मागण्या आधीच रांगेत लावायच्या, एक भरून आली की तिच्यातली माहिती पुढे सोपवून ती लगेच पुन्हा खाली सोडायची. टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या स्वस्त रिअलटेक डोंगलांना रेडिओ-रिसीव्हर बनवणारं आरटीएल-एसडीआर सॉफ्टवेअर असंच चालतं. सेकंदाला २४ लाख नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ४८ लाख बाइटचा अखंड ओघ. त्यासाठी ते एरवी २,६२,१४४ बाइटचे १५ बफर रांगेत ठेवतं. पाऊण सेकंदाहून थोडी जास्तच बेगमी. गंमत म्हणजे लिनक्सवर हे चालवायचं तर टीव्हीसाठीचा कर्नल ड्रायव्हरच आधी बाजूला सारावा लागतो.

यावर आक्षेप असा, की कर्नलकडून प्रोग्रामकडे येताना माहितीची एक जादा नक्कल होते. होते खरी, पण संगणकाची मेमरी सेकंदाला कित्येक गिगाबाइट हलवते, तिथे ५३ मेगाबाइटची नक्कल म्हणजे दर्या में खसखस. यूएसबी ३.० ला हा आक्षेप जरा वजनदार होतो, कारण तिथे ५ गिगाबिटमधून संकेतनाचा खर्च वजा जाता ५०० मेगाबाइट उरतात. त्यावर लिनक्सने २०१६ मध्ये, ४.६ आवृत्तीत, प्रोग्राम आणि कर्नल यांना एकच मेमरी वापरू देणारी सोय आणली. (प्रोग्रामांनी रांगेत लावलेल्या यूएसबी मागण्यांसाठी लिनक्सने मुळात एकूण १६ मेगाबाइटचीच मर्यादा घातलेली असते, लांब रांग लावणाऱ्याला ती वाढवून घ्यावी लागते.)

दुसरा आक्षेप मला अधिक रास्त वाटतो: भरलेली रांग म्हणजे उशीर. रेडिओच्या नोंदींना थोडा उशीर चालतो, पण यंत्राचा हात हलवणाऱ्या प्रोग्रामला पाव सेकंदही महाग पडतो. तिथे गाडगी लहान हवीत, पण माळ हवीच. आणि पाणी वर आल्यावर तिथेच डिस्कवर लिहीत बसणाऱ्या प्रोग्रामला रहाटही वाचवू शकत नाही. रिकामं गाडगं आधी खाली गेलं पाहिजे, लिहिण्याचं काम दुसऱ्या थ्रेडने करावं. तो थ्रेडच सरासरीने मागे पडत असेल, तर कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहूनही माहिती सांडणारच.