बाटली आधी, मॉनिटर नंतर

सकाळी ८. मे २०२१, पुण्यातला एक कोविड आयसीयू, बारा तासांची पाळी. रात्रीच्या सिस्टर ओव्हर देतात : सहा नंबर व्हेंटिलेटरवर, काल आयसीडी (छातीत नळी) टाकली, बबलिंग चालू, नऊ नंबर बायपॅपवर, रात्रभर खोकला.

८.१५. मी आधी बाटली बघते, मग मॉनिटर. छातीतल्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात दोन सेंटिमीटर बुडालेलं असतं. त्यामुळे हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. सहा नंबरच्या काकांना मशीनचा श्वास गेला की बुडबुडे येतात. फुप्फुस अजून गळतंय. सॅच्युरेशन ८९. नवे डॉक्टर प्रेशर वाढवायला निघतात. "८८ पर्यंत चालेल," मोठ्या डॉक्टर मॅडम अडवतात. चार आकडे वाढवायला फुप्फुस आणखी फाडायचं नाही.

१०.४०. "सिस्टर, गळा सुजलाय का माझा?" नऊ नंबरचा आवाज किनरा झालाय. मानेवर बोटं दाबली तर दोन हातमोज्यांतूनही कातडीखाली कुरमुरे चुरडल्यासारखं लागतं. हवा! विषाणूने नाजूक झालेले वायुकोश जोरजोरात श्वास घेताना, खोकतानाही फुटतात. त्याला व्हेंटिलेटरच लागतो असं नाही. सुटलेली हवा श्वासनलिकांच्या कडेकडेने छातीच्या मध्यभागी येते, तिथून मानेत चढते. मॅकलिन या संशोधकाने हा मार्ग १९३९ सालीच दाखवला होता. एक्स-रेत हृदयाभोवती हवा, फुप्फुस मात्र पूर्ण फुगलेलं. म्हणून नळी नाही. बायपॅप काढून हाय-फ्लो, खोकल्याचं औषध, संध्याकाळी पुन्हा एक्स-रे.

२.००. काकांना पोटावर करायचं. पाच जण लागतात. वॉर्डबॉय मामांकडे फक्त बाटली, छातीच्या खालीच धरायची. हलवताना नळीला चिमटा लावायची जुनी सवय काहींना आहे. गळती चालू असताना तो लावला तर हवा आत कोंडते.

४.३०. व्हिडिओ कॉल. नऊ नंबरच्या बायकोला सुजलेला चेहरा बघवत नाही. ही सूज दिसते भयंकर, पण बहुतेक वेळा आपोआप जिरते. जीव घेते ती फुप्फुसाभोवती कोंडलेली, न दिसणारी हवा. फोनवर हे कसं पटवायचं?

६.१०. काकांची बाटली अचानक गप्प. प्रेशरचा अलार्म, बीपी ७० वर. नळी अंगाखाली मुडपलीय. सरळ केली, भसाभस बुडबुडे आले, बीपी वर चढलं.

७.१५. नऊ नंबरचा नवा एक्स-रे : उजव्या फुप्फुसाच्या कडेने आता हवेची पट्टी, बोटभर रुंद. मॅडम ट्रे मागतात. पाळी बदलायला पाऊण तास आहे. तेवढ्यात नळी टाकून झालेली बरी.