हिवाळी ट्रेकचा ग्रुप जॉइन करताय? ॲडमिनला आधी हे विचारा

थंडी पडली की व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरू लागतात. ‘रविवारी अंबागड’, ‘गायमुख जंगल ट्रेक’, ‘नाकाडोंगरी परिसरात निसर्गभ्रमण’. लिंक दाबली की तुम्ही ग्रुपमध्ये, पैसे पाठवले की नाव पक्कं. पण ग्रुपचा ॲडमिन म्हणजे ट्रेकचा लीडर नव्हे. वाटेत कुणाचा पाय मुरगळला, तर पुढे जायचं की मागे फिरायचं हे कोण ठरवणार? याचं उत्तर नाव नोंदवण्याआधी मिळायला हवं.

‘सोपा ट्रेक’ म्हणजे किती सोपा?

तुमसर तालुक्याचा हा भाग सातपुड्याच्या पायथ्याशी येतो. सह्याद्रीसारखे उभे कडे इथे नाहीत, म्हणून पोस्टरवर ‘सोपा’ लिहिलेलं असतं. चढापुरतं ते खरं आहे. पण नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्र आहे. सागवान आणि बांबूच्या या जंगलपट्ट्यात वाघ-बिबट्याचा वावर असतो. शेजारी डोंगरी बुजुर्गला मॉइलची मँगनीजची उघडी खाण आहे. तिच्या हद्दीतून शॉर्टकट काढणं म्हणजे स्वतःहून धोक्यात जाणं.

परवानगी कुणाची?

गायमुखच्या देवस्थानाला किंवा अंबागडाला नेहमीच्या वाटेने जाणं वेगळं आणि ‘आतल्या’ पायवाटेने राखीव जंगलात शिरणं वेगळं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं हे गुन्हे आहेत. ‘आपली ओळख आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. वाट जंगलातून जात असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी ग्रुपवर टाकायला सांगा.

मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंग ग्रुपमधली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. या ट्रेकला रीतसर परवानगी नसल्याचं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. कोण कुठल्या वाटेवर आहे याची नोंद वनखात्याकडे नसेल, तर मदत कुठे पाठवायची हे ठरवण्यातच वेळ जातो.

रोडग्यांचं काय?

आपल्याकडे हिवाळी सहल म्हटली की गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी आलीच. बेत झकास, पण जंगलात नको. पानगळ सुरू झाली की सागाच्या वाळक्या पानांचा थर साचतो आणि एक ठिणगी पुरते. धुराने आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा सापडत नाही. गडावर अत्तर-सेंट लावून जाऊ नये, तेही यासाठीच. रोडगे गावात किंवा शेतात, मालकाला विचारून भाजा. जंगलात डबा न्या. ‘कॅम्पफायर’ची जाहिरात असेल तर ती नेमकी कुठे, हे विचाराच.

पैसे घेणाऱ्याची नोंदणी

मित्रमंडळी खर्च वाटून जातात तो मामला वेगळा. पण शुल्क घेऊन ट्रेक नेणाऱ्यांसाठी राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ पासून आहे. त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक मागा. लीडरने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, किती जणांमागे किती लीडर, सर्वांत मागे कोण चालणार, सोबत गाडी थांबणार का, हेही विचारा. चांगला आयोजक उलट तुम्हालाच प्रश्न करतो: दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का? असं काहीच न विचारता फक्त क्यूआर कोड पाठवणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन.

इथली थंडी, इथली संध्याकाळ

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंवरून वेळ ठरवू नका. पूर्व विदर्भात डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी. चारच्या आत उतरायला लागणं बरं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पहाटे निघताना एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. चढताना घाम आला की काढता येतात. घामाने ओला झालेला टी-शर्ट बदलायला एक कोरडा ठेवा.

पूर्ण बाह्या आणि मोजे हवेतच. गवतात थेट बसू नका, चटई अंथरा. स्क्रब टायफस पसरवणारे बारीक कीटक झुडपांत आणि गवतात असतात. ट्रेकनंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर काळा खपलीसारखा डाग दिसला तर तोही दाखवा.

नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका. लीडरचा नंबर, ठरलेली वाट आणि परतीची वेळ घरी कागदावर लिहून ठेवा. ११२ आपत्कालीन मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १९२६ वनविभागाची हेल्पलाइन. तिन्ही नंबर निघण्याआधीच फोनमध्ये सेव्ह करा.