दवाखान्यातला संगणक आणि आपण

मैत्रिणींनो, हल्ली कुठल्याही बऱ्यापैकी दवाखान्यात जा, केसपेपरच्या खिडकीमागे संगणक असतोच. नाव त्यात, बिल त्यात, रक्त-लघवीचे रिपोर्ट त्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठीही पुष्कळदा त्यातूनच छापून येते. आपल्यापैकी कितीतरी जणी या खिडकीच्या आतल्या बाजूला काम करतात. कुणी परिचारिका आहे, कुणी लॅबमध्ये आहे, कुणी मुलं हाताबाहेर आल्यावर डॉक्टरांकडे रिसेप्शनवर लागली आहे. आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या तोंडी एकच वाक्य : "बाकी सगळं काम येतं हो, पण तो कॉम्प्युटर नको!"

माझ्या ओळखीच्या एक सिस्टर तर यापायी नोकरी सोडायला निघाल्या होत्या. बावीस वर्षांची सेवा! नुसता चेहरा पाहून पेशंटचा ताप ओळखणाऱ्या या बाई. त्यांच्या रुग्णालयात नवा प्रोग्रॅम आला. एक तरुण मुलगा आला, दोन तास इंग्रजीत भराभरा बोलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून सगळं पडद्यावर! मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते : दोन तासांत जे डोक्यावरून गेलं, त्यात दोष विद्यार्थ्याचा नसतो. पुन्हा शिकवा म्हणायला लाजू नका. शिकवणी ड्यूटीच्या वेळेत आणि मराठीतून व्हावी, हे सगळ्याजणींनी मिळून मागायला काय हरकत आहे?

आणि आपल्याला जमत नाही, असं तरी का म्हणायचं? १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, तेव्हा प्रत्येक डोसाची नोंद 'कोविन'वर होत होती. त्या नोंदी ठिकठिकाणच्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनीच केल्या ना? रांग दारात उभी असताना शिकल्या त्या!

सुरुवात कशी करावी?

सगळा प्रोग्रॅम एकदम शिकायला जाऊ नका. पुरणपोळी शिकताना आपण आधी कणीक मळायला शिकतो, तसंच हे. एका पेशंटची वाट धरा : नाव नोंदणं, तपासणीच्या नोंदी, औषधं, लॅब, बिल. त्यातला आपल्या वाट्याचा एकच टप्पा आठवडाभर घटवा. एका छोट्या वहीत पायऱ्या आपल्या भाषेत लिहा : "वरचं निळं बटण दाबायचं, मग नाव शोधायचं." ही वही पहिला महिनाभर हाताशी असू द्या. एका चौकोनातून पुढच्या चौकोनात जायला 'टॅब'ची कळ असते. ती सापडली की निम्मा वेळ वाचतो. सरावासाठी खोट्या नावांची वेगळी सोय आहे का, हे आवर्जून विचारा. खऱ्या पेशंटच्या कागदावर सराव नको.

घरी मुलांकडून शिकायला हरकत नाही. मात्र एक अट घाला. "अगं आई, दे इकडे, मीच करतो," असं म्हणून चिरंजीव माउस हिसकावून घेतात. माउस आपल्याच हाती राहिला पाहिजे! ते करतात आणि आपण बघतो, त्याला शिकणं म्हणत नाहीत. आणि टंकलेखनाचा वेग नसला तर नसू दे. इथे वेगापेक्षा अचूकपणा मोलाचा.

कुठे डोळ्यांत तेल घालावं?

संगणक हुशार असतो, असा आपला समज. खरं म्हणजे आपण जे सांगू ते तो निमूटपणे लिहून घेतो. म्हणून तर त्याच्यासमोर जाणती बाई हवी.

एकाच दिवशी दोन सुनीता पाटील येतात. नुसत्या नावावर विसंबू नये. पूर्ण नाव आणि जन्मतारीख अशा दोन खुणा जुळल्या, तरच पुढे जावं. "तुम्ही सुनीताच ना?" असं विचारू नये, गडबडीत कुणीही "हो" म्हणतं. "आपलं नाव सांगा," असं विचारावं.

जुना पेशंट असेल तर आधी शोधावं, मगच नवा कागद उघडावा. मोबाइल नंबरवरून शोधताना जपा, कारण घरातल्या पाचही जणांना वडिलांचाच नंबर दिलेला असतो. एकाच बाईचे दोन कागद झाले, तर पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद पहिल्यात राहते आणि डॉक्टर पाहतात दुसरा. पुढे काय होऊ शकतं, ते मी सांगायला नको.

औषधाच्या आकड्यांत टिंब जपावं. अर्धा मिलिग्रॅम असेल तर ०.५ असं लिहावं. नुसतं .५ लिहिलं, तर टिंब नजरेतून सुटतं आणि ५ वाचलं जातं. उलट, पाचाला ५.० करू नये, ते ५० वाटतं. दोन्हीकडे डोस दहापट! यादीतून औषध निवडताना सारख्या नावांची औषधं एकाखाली एक येतात; बोट दाबण्यापूर्वी पूर्ण नाव वाचावं.

तारखेचंही तसंच. काही प्रोग्रॅममध्ये आधी दिवस, काहींत आधी महिना. गरोदर बाईची शेवटची पाळी ८ मेची, आणि ती ५ ऑगस्ट अशी नोंदली गेली, तर त्यावरून २८० दिवस मोजून काढलेली बाळंतपणाची तारीख जवळजवळ तीन महिने पुढे जाते. पडदा काही तक्रार करणार नाही. समोरच्या बाईच्या पोटाकडे पाहून "हे जुळत नाही," असं म्हणणारी आपणच.

वीज गेली किंवा यंत्र बंद पडलं, तर कागदावर लिहून ठेवावं आणि नंतर भरताना औषध दिल्याची खरी वेळ घालावी, भरण्याची नव्हे.

दुसऱ्याची गोष्ट, आपली जबाबदारी

हल्ली पुष्कळ ठिकाणी 'आभा' नंबर विचारतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यातला हा १४ आकडी नंबर. तो काढणं ऐच्छिक आहे, आणि त्यातून कागदपत्रं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची तर पेशंटची संमती लागते. खिडकीशी आलेल्या आजींना हे दोन वाक्यांत समजावून सांगावं.

आपला पासवर्ड मैत्रिणीलाही देऊ नये. तिने केलेली नोंद आपल्या नावावर पडते. चहाला उठतानाही बाहेर पडून, म्हणजे 'लॉगआउट' करून उठावं. आणि कुणाचा रिपोर्ट ओळखीपाळखीत व्हॉट्सॲपवर पाठवणं? अजिबात नाही. शेजारणीच्या सुनेची तपासणी कसली होती, हे कळलं तरी ओठांबाहेर काढू नये.

तेव्हा भगिनींनो, भिऊन मागे सरू नका. कळा दाबायला कुणीही शिकेल. पण पडद्यावरचा आकडा आणि पलंगावरचं माणूस यांचा मेळ बसत नाही, हे ओळखायला वर्षांचा अनुभव लागतो. तो तुमच्याजवळ आहे. असे अनुभवी हात संगणकाच्या धास्तीने घरी बसले, तर तोटा तुमचा होईलच, पण त्याहून मोठा पेशंटचा होईल. उद्या ड्यूटीवर जाल तेव्हा एक छोटी वही पर्समध्ये टाका, आणि इन्चार्ज सिस्टरना सरळ विचारा, "मला पुन्हा एकदा दाखवाल का?"