बिऱ्हाड पाठीवर, पोथी हाती

हल्ली एक नवीनच गोष्ट कानावर येते. काही नवरा-बायको घर भाड्यानं देऊन मोटारीतच बिऱ्हाड थाटतात आणि वर्षानुवर्षं फिरत राहतात. आज हंपी, मग बदामी, मग खजुराहो. ऐकून हेवा वाटतो ना? मलाही वाटला. पण लगेच मनात आलं, त्या मोटारीत पोळ्या कोण लाटत असेल? धुणं कुठं वाळत घालत असतील?

अशा संसाराचा विषय निघाला, की मला लक्ष्मीबाई डोंगरे आठवतात. पंडिता रमाबाई तुम्हांआम्हांला ठाऊक. लक्ष्मीबाई म्हणजे त्यांच्या आई. या बाईनं पंधरा वर्षांच्या वर रस्त्यावर संसार केला!

त्यांचे यजमान अनंतशास्त्री म्हणजे बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले गृहस्थ. सह्याद्रीतल्या रानात, गंगामूळला त्यांनी घर केलं. यात्रेकरू येत, विद्यार्थी राहत. सगळ्यांना जेवू घालता घालता पैसा संपला. तिथंच १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्या जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा कुटुंबानं घर सोडलं. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात निजवून नेलं.

पुढं या तीर्थाहून त्या तीर्थाला. देवळात, झाडाखाली, नदीकाठी बसून पुराण सांगायचं आणि ऐकणारे फुलं-फळं, पैसे, वस्त्र वाहतील त्यावर पोट भरायचं.

दिवसभर कामाच्या रगाड्यात लक्ष्मीबाईंना सवड कुठली? म्हणून त्या पहाटे मुलीला लाडीगोडीनं उठवीत आणि श्लोक सांगत. हातात पुस्तक नाही. आई म्हणे, मुलगी मागून म्हणे. रमाबाईंच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चाललं. (मी शाळेत दुपारचा तास घेते. बाकं, फळा, खडू सगळं असून दोघीतिघी डुलक्या घेतातच!)

थोरल्या मुलीचं लहानपणी केलेलं लग्न फसलं होतं, म्हणून धाकटीची घाई आईवडिलांनी केली नाही. गावात स्थिर घर असतं, शेजारपाजार असता, तर हे निभलं असतं का? मला तरी वाटत नाही.

पण म्हणून त्या रस्त्याला गोड समजू नका. म्हातारपण आलं, गाठीचं संपलं, त्यात दुष्काळ. आधी वडील गेले, दीड महिन्यात आई. तिरडी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा रमाबाई पुढं झाल्या. उंची कमी, खांदा पुरेना; त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होतं.

थोरली बहीणही पाठोपाठ गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चार हजार मैलांहून अधिक पायी चालले. एका हिवाळ्यात झेलमच्या काठी निवारा मिळेना, तर वाळूत दोन खड्डे खणले, आत शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. आपल्याला प्रवासात गोधडी विसरली तर केवढं वाटतं!

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची विद्वत्ता पारखली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. ते संस्कृत आईच्या तोंडून ऐकलेलं होतं, कुठल्या कुठल्या गावांच्या पहाटे.